बाळ सारखं दूध टाकतं: काय करायचं, काय टाळायचं आणि डॉक्टरकडे कधी धावायचं

तान्ही बाळं दूध टाकतात. पहिल्या चार महिन्यांत निम्म्याहून जास्त बाळं दिवसातून एकदा तरी गुळणी टाकतात, काही पाच-सहा वेळा, आणि एखादं तर पाजलं की हमखास. पहिल्या दोन महिन्यांतच हे सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या आसपास जोर असतो, बाळ बसायला लागलं की कमी होतं. पहिला वाढदिवस येईपर्यंत दहातल्या नऊ बाळांचं आपोआप थांबलेलं असतं. तरीही घरात कुणीतरी म्हणतंच, "याला काही पचतच नाही." पचनाचा इथे फारसा संबंध नसतो. बाकी सगळं ठीक असेल तर गुळणी टाकणाऱ्या बाळाला लागतात पाजण्याच्या पद्धतीत थोडे बदल आणि बराचसा वेळ. औषध क्वचित लागतं. मात्र थोड्या बाळांना खरोखर आजार असतो आणि तो वेळेत ओळखायला हवा.

आत काय होतं ते आधी बघू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते उघडतं, मग मिटतं. तान्ह्या बाळात ते मधूनच, काही गिळलेलं नसतानाही, सैल पडतं. त्यात अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ, आणि बाळ दिवसातले बहुतेक तास आडवं. काठोकाठ भरलेला तांब्या आडवा केला तर जे होईल तेच इथे होतं. बाहेर आलेलं दूध कधी जसंच्या तसं असतं, कधी दह्यासारखं फुटलेलं. फुटलेलं दूध बघून घरची मंडळी घाबरतात, पण जठरातल्या आम्लाशी दूध मिसळलं की ते फुटणारच. म्हणजे दूध आत थोडा वेळ राहून आलं, एवढाच त्याचा अर्थ. आईचं दूध 'बाधलं' असा त्याचा अर्थ नाही आणि त्यावरून अंगावरचं दूध तोडायचं तर मुळीच नाही.

सगळ्यात आधी: ही लक्षणं नाहीत ना?

पुढचं सगळं वाचण्याआधी हे तपासा. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

उलटीचा रंग हिरवा असेल तर आतड्याला पीळ पडला असण्याची किंवा अडथळा असण्याची शक्यता असते. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं, शक्यतो जिथे लहान मुलांची शस्त्रक्रिया होते तिथे. उलटीचा डाग पडलेलं दुपटं सोबत न्या. डॉक्टरांना रंग सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं.

दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची उलटी पिचकारीसारखी लांब उडत असेल, प्रत्येक पाजणीनंतर होत असेल आणि उलटीनंतर लगेच बाळ पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. हे मुलग्यांत जास्त आढळतं. सोनोग्राफीत कळतं, छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरं होतं, पण उशीर झाला तर बाळ सुकतं.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काही, शीमध्ये रक्त, पोट फुगून टणक होणं, ताप, बाळ मलूल पडणं, टाळू फुगणं, लघवी कमी होणं, दूध पिताना निळं पडणं किंवा श्वास अडखळणं, यांतलं काहीही असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. आधी कधी दूध न टाकणाऱ्या बाळाने सहा महिन्यांनंतर अचानक सुरुवात केली, किंवा दीड वर्षाचं झालं तरी थांबलं नाही, तर घाई नाही पण तपासणी हवी.

एक बारीक खुलासा. आईच्या स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते बाळाच्या गुळणीत दिसू शकतं. स्वतःचं अंग तपासा, आणि तरीही डॉक्टरांना सांगा.

दुपट्यापेक्षा वजन बघा

गुळणी किती झाली याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. एक प्रयोग करून बघा: औषधाच्या मापाने ५ मिलिलिटर पाणी मोजून कोरड्या मलमलच्या दुपट्यावर ओता. जो डाग पसरतो तो बघून तुम्हाला वाटेल, अर्धी वाटी सांडली. "सगळंच्या सगळं दूध बाहेर आलं" असं वाटतं तेव्हा बहुतेकदा एक-दोन चमचेच आलेले असतात.

खरं मोजमाप वजनाचं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्मावेळच्या आकड्यावर परत येतं आणि मग पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षात तिप्पट. वजन नेहमी एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा. रोज करू नका, त्याने फक्त जीव वरखाली होतो. आठवड्यातून एकदा पुष्कळ. जवळच्या अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात वजन फुकट होतं, आणि माता व बाल संरक्षण कार्डातल्या वाढीच्या आलेखावर ठिपका टाकून मिळतो. ठिपके जोडणारी रेष वर चाललीय, दिवसाला सहाच्या आसपास लंगोट लघवीने ओले होताहेत, जागं असताना बाळ खेळतंय: असं असेल तर दुपटी धुवायची, बाकी काही करायचं नाही.

पाजताना

बदल करायचे तर एका वेळी एक करा आणि त्याला आठवडाभर द्या. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

अंगावर पाजत असाल तर आधी पकड बघा. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नाही, भोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. चुकचुक आवाज येत असेल तर बाळ हवा गिळतंय. बोटाने पकड सोडवून पुन्हा लावा. काही आयांना दूध जोरात उतरतं आणि बाळ ठसकतं, तोंड सोडतं, रडतं. अशा वेळी आईने मागे रेलून बाळाला पोटावर घेऊन पाजलं तर धार मंद होते. पाजायच्या आधी थोडं दूध हाताने काढलं तरी चालतं. बाळाने स्वतःहून तोंड सोडलं की झालं. "अजून दोन घोट" म्हणून पुन्हा लावायची गरज नाही.

वरचं दूध चालू असेल तर गडबड बहुतेक वेळा प्रमाणात असते. पहिल्या काही आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत बाळाला दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं. म्हणजे ४ किलोच्या बाळाला दिवसाला ६०० मिलिलिटर. आठ वेळा पाजलं तर एका वेळी ७५. प्रत्यक्षात घरात १२० ची बाटली भरली जाते आणि बाळ संपवतं म्हणून ते त्याचं माप मानलं जातं. बाटलीतून दूध येतच राहतं, तेव्हा बाळ भूक नसतानाही गिळतं. हिशेब करून बघा. जास्त जात असेल तर कमी करा. बरोबर जात असेल तर तेवढंच दूध जास्त वेळा विभागून द्या. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच, आधी पाणी मोजून मग सपाट चमचा. दूध पचत नाही म्हणून पाणी वाढवायचं नाही, अंगाला लागावं म्हणून पावडर वाढवायची नाही. शक्य असेल तिथे बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा, आणि बाळ उभट धरूनच. बोंडल्याने पाजताना बाळाला मांडीवर आडवं टाकून धार ओतायची पद्धत मात्र सोडून द्या. दूध श्वासनलिकेत जायचा धोका त्यात असतो.

दूध दाट करायचा उपाय अनेकांना ठाऊक असतो: बाटलीत तांदळाचं पीठ किंवा डब्यातलं सिरीयल घालायचं. दाट दुधाने दिसणारी गुळणी खरंच कमी होते, पण आतलं आम्ल वर येणं तितकं कमी होत नाही. आईच्या दुधात तर हे जमतही नाही, कारण त्यातलंच एक विकर (एन्झाइम) पिठातला स्टार्च फोडतं आणि दूध थोड्या वेळात पुन्हा पातळ होतं. बाळ पावडरच्या दुधावर असेल आणि वजन नीट वाढत नसेल तर डॉक्टर विचार करून हे सुचवतील. स्वतः करू नका, आणि महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर अजिबात नाही.

पाजल्यानंतरचा अर्धा तास

बाळाला २० ते ३० मिनिटं उभं धरा, छाती तुमच्या छातीला टेकवून, मान आधाराला. ढेकर दोन-तीन मिनिटांत नाही निघाला तर नाही निघाला. थपथप करत राहून उपयोग नाही. बाळ-खुर्चीत किंवा गाडीच्या सीटमध्ये बसवणं म्हणजे उभं धरणं नव्हे. तिथे बाळ घसरून पोटात दुमडतं आणि उलट जास्त टाकतं. कमरेला लंगोट किंवा डायपर करकचून बांधलेला असला तरी तेच.

आपल्याकडचा एक प्रकार मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल डॉक्टरही सहसा विचारत नाहीत. न्हाऊ-माखू घालणारी बाई सकाळी ठरल्या वेळी येते. बाळ रडू नये म्हणून ती यायच्या आधी आई त्याला पोटभर पाजून ठेवते. मग तेल लावून गुडघे पोटावर दाबले जातात, बाळ पायांवर पालथं पडतं, पाठ चोळली जाते, वरून गरम पाणी. सकाळची मोठी उलटी नेमकी तेव्हाच होते आणि नजर काढली जाते. क्रम उलटा करा: आधी मालीश, मग न्हाणं, मग पाजणं. बाळ फारच भुकेलं असेल तर थोडंसं पाजा आणि पाऊण-एक तास जाऊ द्या. बाईंना "पोट दाबू नका" असं स्पष्ट सांगा. त्यांना राग आला तर आजीकडून सांगा. न्हाल्यावरची ओवा-वेखंडाची धुरीही बंद. धुराने बाळाच्या श्वासनलिकेला त्रास होतो, आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाळाला त्याचा जो त्रास होतो त्यात दूध टाकणंही आलं.

झोपवायचं कसं

उताणं, सपाट, थोड्या टणक गादीवर, उशीशिवाय. दूध टाकणाऱ्या बाळालाही असंच. इथे घरोघरी वाद होतो, कारण उताणं बाळ ठसकून गुदमरेल अशी भीती वाटते. शरीराची रचना बघितली तर उलट आहे: बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढावं लागतं. पालथं झोपवलं की गुळणी थोडी कमी होते हे खरं, पण झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो. जगभरचे बालरोगतज्ज्ञ म्हणूनच पालथं आणि कुशीवर, दोन्हीला नाही म्हणतात.

गादीखाली उशी सरकवून डोकं उंच करण्याचा तान्ह्या बाळांत फायदा दिसलेला नाही. बाळ घसरतं आणि हनुवटी छातीला लागून श्वास कोंडतो. याच कारणाने बराच वेळ झोळीत झोपवणं नको. अमेरिकेत १० अंशांहून जास्त उतार असलेल्या, बाळांना झोपवायच्या साधनांवर २०२२ च्या कायद्याने बंदी आली. तिकडे राहणाऱ्या कुणी जुनी वस्तू प्रेमाने दिली तर ती नाकारा. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशीसुद्धा झोपताना काढून ठेवा.

उताण्या बाळाच्या तोंडात दूध आलं तर लगेच कुशीवर वळवून तोंड पुसा, एवढं पुरतं. बाळाचा आवाजच फुटत नसेल, श्वास येत नसेल, तर हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब. हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा.

गुटी, ग्राइप वॉटर आणि बाकीचं

सहाणेवर उगाळलेली गुटी अनेक घरांत जिव्हाळ्याची गोष्ट आहे. तरी पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हा नियम गुटीलाही लागू आहे. सहाण, उगाळायची बोटं, पाणी, कशातूनही जंतू जाऊ शकतात आणि कोणती मुळी किती गेली याला माप नाही. मध तर वर्षाखाली चाटवायचाच नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाच्या स्नायूंना लकवा येऊ शकतो. ग्राइप वॉटरने दूध टाकणं थांबत नाही. खायचा सोडा चिमूटभरही नाही, त्याने रक्तातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं. दूध टाकतं म्हणून चौथ्या महिन्यातच पेज किंवा नाचणी सुरू करायलाही सांगितलं जातं. सहा महिने थांबा. नंतर खिमट, मऊ वरण-भात, नाचणी सत्व असं घट्टसर सुरू झालं की गुळण्या तशाही कमी होतात.

रडतं ते आम्लामुळेच का?

बहुतेक वेळा नाही. दीड-दोन महिन्यांचं निरोगी बाळ दिवसाला दोन-तीन तास रडू शकतं, त्यातही संध्याकाळी. पाठ कमानीसारखी करणं, अंगाला आळोखे देणं हे भुकेनेही होतं, झोप आली की होतं, शी होण्याआधीही होतं. 'आतल्या आत होणारी ॲसिडिटी' असं नाव देऊन औषध सुरू करणं सोपं आहे, पण २००९ साली छापून आलेल्या एका चाचणीत अशा रडणाऱ्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना आम्ल कमी करणारं लॅन्सोप्राझोल दिलं आणि निम्म्यांना नुसतंच खोटं औषध. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना बरं वाटलं. फरक होता तो गंभीर त्रासात, विशेषतः छातीच्या जंतुसंसर्गात. तो औषध घेणाऱ्यांत जास्त दिसला.

वजन वाढत नसेल, बाळ स्तनाकडे बघूनच रडत असेल, सोबत शीमध्ये चिकट आव किंवा रक्ताच्या रेषा असतील, अंगावर खरखरीत चट्टे असतील, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी हे कारण असू शकतं. ती आणि आम्लाचा त्रास वरवर सारखेच दिसतात, म्हणून औषधाआधी दोन ते चार आठवडे प्राण्यांचं दूध बंद करून बघतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने गाईचं आणि म्हशीचंही दूध, दही, ताक, पनीर, खवा, चीज सगळं सोडायचं. बकरीचं दूधही पर्याय नाही. बाळंतिणीच्या आहारात हे अवघड, कारण हळिवाची खीर, खसखशीची खीर सगळी दुधातली. हळीव नारळाच्या दुधात शिजवा, ओलं खोबरं आणि गूळ घालून लाडू करा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ वाढवा, गोळी डॉक्टरांना विचारा. फरक पडला तर पुन्हा दूध सुरू करून लक्षणं परततात का ते बघायचं असतं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि आई वर्षभर उगाच दुधावाचून राहते. पावडरच्या दुधावरच्या बाळाला विशेष प्रकारचं दूध लागतं, ते डॉक्टर लिहून देतील.

डॉक्टरकडे

जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता, किती पाजलं, कधी टाकलं, रंग, लंगोट किती. मोबाइलवर पाजतानाचा आणि टाकतानाचा एक-एक व्हिडिओ काढा. निम्म्या शंका त्यातच फिटतात.

वजन वाढणाऱ्या बाळाला सहसा कुठलीच तपासणी लागत नाही. 'सोनोग्राफीत रिफ्लक्स (जठरातलं वर अन्ननलिकेत येणं) दिसला' असा कागद पुष्कळ आई-वडिलांच्या फायलीत असतो. पोटभर पाजून बघितलं तर तो बहुतेक बाळांत दिसेल. सोनोग्राफी वर सांगितलेल्या जाड स्नायूसारखे अडथळे शोधायला उपयोगी, रिफ्लक्सचा आजार ठरवायला नाही.

औषध दिलं तर विचारा: कशासाठी, किती दिवस, कधी थांबवायचं. ओमेप्राझोलसारखी औषधं आम्ल कमी करतात, दूध वर येणं थांबवत नाहीत. ती सहसा चार ते आठ आठवड्यांसाठी देतात, मग पुन्हा बघायचं. उलटी थांबवण्यासाठीचे डॉमपेरिडोनचे थेंब आपल्याकडे सर्रास दिले जातात, दुकानात मागूनही मिळतात. त्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो आणि ब्रिटनमध्ये २०१९ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांना मान्यता नाही. उलटीवरच्याच मेटोक्लोप्रामाइडने लहान मुलांची मान, जीभ, डोळे वाकडे होण्याचे झटके येऊ शकतात. आम्ल कमी करणारं रॅनिटिडीन अमेरिकेत २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं. मोठ्या भावंडाचं उरलेलं सिरप तर कधीच नको. महिन्यांआधी जन्मलेली, सेरेब्रल पाल्सी असलेली किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेली मुलं यांची गोष्ट वेगळी. त्यांना औषध जास्त काळ लागू शकतं, ते तज्ज्ञांवर सोडा.

दोन वर्षांपुढची मुलं

मोठं मूल 'छातीत जळतं' असं क्वचित म्हणतं. ते बेंबीच्या वर हात ठेवून पोट दुखतं म्हणतं, रात्री खोकतं, सकाळी तोंडाला वास येतो, दाताचे डॉक्टर मागच्या दातांची झीज दाखवतात. इथे सवयींवर काम करावं लागतं. जेवण साडेनऊला आणि झोप दहाला, हा शहरातला क्रम सगळ्यात वाईट; जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. झोपताना दुधाची बाटली बंद. चहा-बिस्किट, चॉकलेट, थंड पेयं, वेफर्स आणि तिखट-तेलकट कमी करून दोन-तीन आठवडे बघा. ज्याने त्रास होतो तेच कायमचं कमी करा. सगळं तोडलं तर मूल काहीच खात नाही. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावर आधी उपचार करा, वजन जास्त असेल तर खेळ वाढवा. या वयात डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं किंवा डाव्या कुशीवर झोपणं चालतं.

मूल घास फार वेळ चावत राहतं, प्रत्येक घासाला पाणी मागतं किंवा पोळी-मटण घशात अडकतं म्हणतं, तर त्याला नखरे समजू नका. अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज असू शकते आणि ती दुर्बिणीच्या तपासणीतच कळते. चांगल्या खेळत्या मुलाची एकाएकी लाळ गळू लागली, खाणं-पिणं थांबलं, उलट्या सुरू झाल्या, तर रिमोटची किंवा खेळण्यातली गोल चपटी बॅटरी गिळली असेल असं धरून चाला. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजू शकते. उलटी करवायचा प्रयत्न न करता थेट एक्स-रेची आणि दुर्बिणीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.